उजवीकडे, काखेच्या बाजूला, पुन्हा तीच गाठ

लेक बारा दिवसांची होती तेव्हा पहिली गाठ आली. ती साडेपाच महिन्यांची होईस्तोवर पाच वेळा आली. पाचही वेळा जागा तीच: उजवी छाती, वरच्या अंगाला, काखेकडे. कधी सुपारीएवढी, कधी लिंबाएवढी. हात लावला की कळ, वरची कातडी लालसर आणि गरम. बाळाला त्या बाजूला घेतलं की दूध सुटताना अशी चमक निघायची की पायाची बोटं आखडायची.

अंगावर पाजणाऱ्या बाईला गाठ येण्यात नवल काही नाही. घरोघरी येते, दोन दिवसांत जाते, बाई विसरून जाते. माझी तक्रार ती परत परत येण्याची होती. गाठ घालवायचे उपाय मला दहा जणींनी सांगितले. ती परत का येते, हे चौथ्या खेपेपर्यंत कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही विचारलं नाही. ज्यांना हाच त्रास दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा होतोय त्यांच्यासाठी हे लिहितेय. पहिलीच वेळ असेल तर सरळ ‘आता आली तर’ या भागावर गेलात तरी चालेल.

त्याआधी एवढं वाचा

ताप १०१ च्या वर गेलाय, हुडहुडी भरलीय, लाली पसरत चाललीय, किंवा चोवीस तास झाले तरी काडीचा उतार नाही, असं असेल तर फोन खाली ठेवा आणि डॉक्टर गाठा. गाठ दाबल्यावर आत पाणी भरल्यासारखी हलत असेल तर पू झालेला असू शकतो. तो सोनोग्राफीत बघून सुईने काढतात, आणि नंतरही पाजता येतं. पण उशीर केला तर दुखणं वाढतं.

आणि जी गाठ पाजल्यावर जराही मऊ होत नाही, दोन-तीन आठवडे तशीच बसून आहे, ती दुखत नसली तरी दाखवायची. न दुखणारी तर आधी दाखवायची. बाळंतिणीच्या छातीतल्या बहुतेक गाठी दुधाच्याच निघतात, पण ‘दुधाचीच असेल’ हे घरबसल्या ठरवायचं नसतं. एकाच जागी पुन्हा पुन्हा येणाऱ्या गाठीची निदान एकदा सोनोग्राफी व्हायला हवी. माझी चौथ्या वेळी झाली. दुसरं काही नव्हतं, आणि त्या रिपोर्टनंतरच मी डोकं शांत ठेवून विचार करू शकले.

वहीतल्या पाच नोंदी

चौथ्या वेळी डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारला, “गाठ यायच्या आदल्या दिवशी काय झालं होतं?” मला सांगता येईना. बाळंतपणात आदला दिवस कुठला आणि आजचा कुठला हेच कळत नाही. त्या म्हणाल्या, वही कर. आधीच्या तिन्ही वेळच्या तारखा मी व्हॉट्सअॅपवर बहिणीला पाठवलेल्या रडक्या मेसेजांवरून शोधून काढल्या. नोंदी अशा जमल्या:

पहिली, बारशाचा दिवस. माहेरी, साताऱ्याला. पोटुशी होण्याआधी शिवलेला ब्लाउज, हूक ओढूनताणून लावलेले. साठ माणसं, पोर या मांडीवरून त्या मांडीवर. ती कुरकुरली की कुणीतरी म्हणायचं, “दे इकडे, मी गप्प करते.” पाजायच्या दोन वेळा टळल्या. रात्री छाती अशी तटतटली की हात शरीराला टेकवता येईना.

दुसरी, सातवा आठवडा. लेक पहिल्यांदाच रात्री अकरा ते पाच सलग झोपली. घरात आनंदीआनंद. मी उठले ती ओल्या गादीवर, उजवीकडे लिंबू घेऊन.

तिसरी, अकरावा आठवडा. कपडे सैल, वेळा चुकलेल्या नाहीत, प्रवास नाही, पाहुणे नाहीत. नवीन एवढंच की इलेक्ट्रिक पंप घरात येऊन आठ दिवस झाले होते.

चौथी, चौदावा आठवडा, मे महिना. ही तापाची. हिच्याबद्दल पुढे सविस्तर.

पाचवी, नोकरीवर रुजू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी.

पहिल्या दोन नोंदी कुणालाही समजतील. दूध साचलं, छाती दाटली. मला कोड्यात टाकलं ते तिसरीने. काहीच चुकलं नव्हतं, तरी आली. नंतर कळलं, सगळं उत्तर तिच्यातच होतं.

मावशींचा अंगठा

लेकीला न्हाऊ घालायला डोंबिवलीत आमच्याकडे ज्या मावशी यायच्या, त्यांनी आमच्या सोसायटीतली निम्मी पोरं आपल्या पायांवर घेऊन न्हाऊ घातली आहेत. चौथ्या वेळी गाठ दाखवली तशा म्हणाल्या, “दूध साकळलंय पोरी. फोडायला लागंल.”

गरम पाण्यात पंचा पिळून शेक दिला. मग खोबरेल तेल लावून अंगठ्याने काखेकडून पुढे असं दाबत आल्या, पंधरा मिनिटं. मी टॉवेलचं टोक दातात धरलं होतं. मध्येच दुधाच्या दोन-तीन चिळकांड्या उडाल्या आणि मावशी म्हणाल्या, “बघ, सुटलं.” खोटं कशाला सांगू, गाठ तासभर मऊही झाली. मग मी माझ्या शहाणपणाची भर घातली. पंप लावून पंचवीस मिनिटं, अगदी शेवटचा थेंब येईपर्यंत काढलं. छाती पूर्ण रिकामी करा, असंच सगळीकडे वाचलं होतं.

संध्याकाळी गाठ दुप्पट. रात्री नऊला ताप १०२. मे महिन्यात, पंखा बंद करून, दोन गोधड्यांखाली मी थडथडत होते आणि नवरा बाजूला घामाघूम होऊन बसला होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या विचारलं, “कुणी दाबलं?” मी वाकून पाहिलं. लालीच्या मध्यभागी अंगठ्याएवढा निळसर डाग उठला होता.

मावशींना मी दोष देणार नाही. आधीच्या तिन्ही वेळा हेच उद्योग मी माझ्या हाताने केले होते. कंगव्याच्या पाठीने दाबलं होतं, गरम शॉवरखाली उभं राहून रगडलं होतं, इलेक्ट्रिक टूथब्रशची थरथरती पाठ टेकवली होती. एकदा तर रात्री तीनला बाळाला गादीवर उताणं ठेवून मी तिच्यावर चार पायांवर ओणवी झाले होते. तसं पाजलं की गुरुत्वाकर्षणाने गाठ सुटते, असं एका व्हिडिओत सांगितलं होतं. नवऱ्याला जाग आली. अंधारात बघून म्हणाला, “काय हरवलंय?” गाठ सुटली नाही. कंबर मात्र धरली.

तुंबलेला पाइप नव्हे

आपल्या डोक्यात चित्र असतं ते बेसिनचं. पाइपात कचरा अडकला, तो ढकलला की पाणी वाहतं. डॉक्टरांनी हे चित्रच आधी पुसून टाकलं.

दुधाच्या नलिका जाड पाइपासारख्या नसतात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००५ साली पाजत असलेल्या बायांची सोनोग्राफी करून दाखवलं की बोंडाशी उघडणाऱ्या मुख्य नलिका एका बाजूला सरासरी नऊच असतात. त्या बारीक असतात, कातडीपासून फार खोल नसतात आणि दाबल्या की सहज मिटतात. आत त्यांना झाडाच्या मुळांसारखे फाटे फुटलेले असतात. गाठ म्हणून हाताला लागते ती बहुतेकदा आत अडकलेली दुधाची गुठळी नसतेच. आजूबाजूचा भाग सुजलेला असतो. रक्त आणि पाणी साचून तो फुगतो आणि मधल्या बारीक नलिकेला चेपतो. म्हणजे दूध अडतं ते बाहेरून पडलेल्या दाबाने.

मी रोज लोकलने जाणारी बाई, मला हे लगेच पटलं. ठाण्याला दारात गर्दी अडली की मागून जोर लावून काही होत नाही. पुढच्या चेपल्या जातात, एवढंच. आतली गर्दी कमी झाली की दार आपोआप मोकळं होतं. सुजलेल्या जागी अंगठा लावणं म्हणजे मागून जोर लावणं. आधीच सुजलेलं मांस आणखी ठेचलं जातं, बारीक रक्तवाहिन्या फुटतात (माझा निळा डाग) आणि सूज वाढते. पंपाने निपटून काढणं हा दुसरा जोर. छाती जितकी रिकामी करावी तितकं जास्त दूध बनवायचा निरोप तिला जातो, आणि सुजलेल्या जागेवर पुन्हा नव्या दुधाचा भार पडतो.

‘अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन’ या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२२ मध्ये स्तनाच्या सुजेबद्दलची आपली मार्गदर्शक सूचना नव्याने लिहिली, आणि त्यात जोरकस मालिश, सतत शेक आणि ‘रिकामं करा’ हे तिन्ही मोडीत काढलं. म्हणून त्याआधीचे व्हिडिओ, पुस्तकं आणि त्याआधी बाळंत झालेल्या तुमच्या सगळ्या बहिणी-जावा उलटं सांगतील. त्या खोटं बोलत नाहीत. त्यांना तेव्हा तेच सांगितलं गेलं होतं.

मग माझी परत का येत होती

याला तीन कारणं निघाली, आणि तिन्ही मी स्वतः लावून घेतलेली.

पहिलं आणि सगळ्यात मोठं, पंप. नोकरीवर जायच्या आधी फ्रीझर भरून ठेवायचा, असं मी ठरवलं होतं. लेक पोटभर पिऊन झाली की दिवसातून चार वेळा पंप लावायचा. दर वेळी साठ-सत्तर मिली मिळायचं, म्हणजे रोजचं अडीचशे मिली. एक ते सहा महिन्यांचं अंगावर पिणारं बाळ चोवीस तासांत साधारण साडेसातशे-आठशे मिली पितं, आणि हा आकडा त्या पाच महिन्यांत फारसा वाढत नाही. म्हणजे बाळाला लागतं त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकं दूध मी जादा तयार करून घेत होते. छातीला फ्रीझर ठाऊक नसतो. तिला वाटतं, जुळी झालीत.

वर खुराक चालूच. सकाळी अळिवाची खीर, दुपारी शतावरी कल्प घातलेलं दूध, चारला डिंकाचा लाडू, आणि सासूबाईंची मेथी. त्याने दूध किती वाढतं यावर डॉक्टरांचं एकमत नाही, पण दूध ऊतू जात असताना ते वाढवायच्या नावाखाली चार-चार पदार्थ खायचे, यातला विनोद मला फार उशिरा कळला. लाडू मी सोडले नाहीत. ते मला आवडतात.

जादा दुधाच्या खुणा समोर होत्या, मी त्या उलट्या वाचल्या. पाजायला घेतलं की लेक पहिल्या मिनिटात ठसकायची, तोंड काढून रडायची, आणि माझ्या बोंडातून धार थेट तिच्या डोळ्यात. मला वाटायचं, तिला माझं दूध आवडत नाही. शी हिरवट, फेसाळ. एका बाजूला पाजलं की दुसऱ्या बाजूचा अख्खा कुर्ता भिजायचा. ही कमी दुधाची लक्षणं नव्हेत, बायांनो. आणि फ्रीझरमध्ये मटारच्या पिशव्या आणि कोथिंबीर वड्यांच्या मध्ये त्रेचाळीस पाउच होते.

पंप एका दिवसात बंद करायचा नाही, तसं केलं तर दाटून पुन्हा गाठ. मी चाराचे तीन केले, तीन-चार दिवस थांबले, तिनाचे दोन केले. काढायचं ते मोकळं वाटेपर्यंतच, थेंब थांबेपर्यंत नाही. छाती थोडी भरलेली राहिली की दूध बनणं आपोआप मंदावतं. सुरुवातीला ‘आत शिल्लक आहे’ ही भावनाच सहन होत नाही, इतकं ‘रिकामं’ हे डोक्यात बसलेलं असतं. सगळं मिळून अडीच-तीन आठवडे लागले. ज्यांच्याकडे खरंच जास्तीचं आहे त्यांनी दुग्धपेढीचा विचार करावा. आशियातली पहिली दुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, आणि कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना त्या दुधाची फार गरज असते. आधी रक्ततपासणी होते. छातीला सूज, ताप असताना मात्र दान करता येत नाही.

दुसरं कारण बोट. स्तनपानाचा सल्ला देणाऱ्या एक ताई घरी आल्या होत्या. त्यांनी मला दोन मिनिटं पाजताना पाहिलं आणि विचारलं, “हे बोट इथे कशाला?” माझ्या डाव्या हाताचं पहिलं बोट उजव्या छातीवर वरच्या बाजूला रुतलेलं होतं. बाळाचं नाक दबू नये म्हणून. दवाखान्यात पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगितलं होतं, नाकाशी जागा ठेव, आणि तेव्हापासून दिवसातून दहा वेळा, दर वेळी वीस मिनिटं, मी त्याच जागेवर बोट रुतवून बसत होते. वर सांगितलंच की नलिका वरवर असतात आणि दाबल्या की मिटतात. गाठ बोटाच्या जरा मागे यायची. किती सरळ होतं!

नाकासाठी बोटाची गरज नसते. बाळाचं ढुंगण आपल्या अंगाशी ओढून घ्यायचं. तसं केलं की डोकं आपोआप थोडं मागे जातं, हनुवटी छातीत रुतते आणि नाक सुटतं. बाळ नाकपुड्यांच्या कडेने श्वास घेतं, आणि खरंच कोंडलं तर तेच तोंड सोडतं. घेताना तिचं नाक बोंडासमोर ठेवायचं, ती मोठा ‘आ’ करीपर्यंत थांबायचं, आणि मग तिला छातीकडे आणायचं. आपण वाकून तिच्या तोंडात घालायचं नाही. काळ्या भागाचा खालचा बराचसा हिस्सा तोंडात गेला पाहिजे. नुसतं बोंड धरलं की दुखतं, भेगा पडतात, आणि दूधही नीट निघत नाही.

बोटाची सवय सुटायला आठवडा लागला. हात रिकामा राहिना. शेवटी मी तो लेकीच्या हाताशी नेऊन ठेवला आणि तिने ते बोट मुठीत पकडलं. तीन महिने जे बोट माझ्या छातीत रुतत होतं ते आता तिच्या मुठीत असतं. पिता पिता मध्येच थांबते, वर बघते, आणि तोंडात बोंड तसंच धरून हसते. ओठाच्या कडेने दूध गळून माझ्या हातावर येतं. कोमट असतं. चिकट असतं. ते पुसावंसं वाटत नाही.

तिसरं कारण बॅग. हे पाचव्या गाठीनंतर कळलं, वहीमुळे. ऑफिसच्या बॅगेत पंप, आइसपॅक, डबा, पाण्याची बाटली, छत्री. ती उजव्या खांद्यावर, आणि गर्दीत काखेत घट्ट दाबून धरलेली. डोंबिवली ते सीएसएमटी सव्वा तास. बॅगेची कड कुठे लागत असेल ते सांगायला नको. आता पंप ऑफिसच्या कपाटात राहतो, बॅग डाव्या खांद्यावर असते आणि डब्यात शिरले की रॅकवर जाते. घट्ट ब्रा, तारेची ब्रा, बाळाला बांधून घ्यायच्या झोळीचा पट्टा, एकाच कुशीवर झोपणं, हे सगळं याच रांगेतलं. गाठ एकाच जागी येते आहे ना, मग त्या जागेवर दिवसभरात काय काय टेकतं ते बघा. आरशासमोर उभं राहून बघा.

आता आली तर

पाजणं नेहमीसारखंच. दुखरी बाजू टाळायची नाही आणि तिलाच पुन्हा पुन्हा पुढेही करायची नाही. बाळ मागेल तेव्हा, मागेल तेवढं. दूध बाळाला पूर्ण सुरक्षित असतं. एकदम पाजणं थांबवलं तर मात्र दुखणं हमखास वाढतं.

बर्फ. पातळ कापडात गुंडाळून दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, जास्त दुखत असेल तर तासातासाला. इथे घरात वादळ होतं. “बाळंतिणीला गार? वात धरला तर?” सासूबाईंशी मी वाद घातला नाही. म्हटलं, घोटा मुरगळून सुजला तर आपण काय लावतो? त्या गप्प बसल्या. मग स्वतःच फ्रीझरमधली मटारची पिशवी आणून दिली. पाजायच्या आधी दोन मिनिटं कोमट पंचा बरा वाटत असेल तर ठेवा, पण तासन्‌तास शेकत बसू नका. त्याने सूज वाढते. कोबीची पानंही चालतात, त्यांचा गारवाच काय तो कामाचा.

गोळी. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही पाजणाऱ्या आईला चालतात. आयबुप्रोफेनने दुखण्याबरोबर सूजही उतरते. अॅसिडिटी, दमा, किडनीचा त्रास असेल तर आधी विचारा, आणि डोस आपल्या डॉक्टरांकडूनच घ्या. मी पहिल्या तीन वेळा ‘पाजतेय ना’ म्हणून गोळी न घेता कळा काढत बसले होते. त्याचं कौतुक कुणी केलं नाही.

हात लावायचाच तर हलका. किती हलका, हे मला ताईंनी दाखवलं आणि मी मावशींना समजावलं ते त्यांच्याच भाषेत, “टाळू भरताना हात जसा ठेवता, तसा.” मावशी थबकल्या. टाळूवर त्यांचा हात कसा असतो ते मी रोज बघते, तेल जिरतं पण खालची ठकठक दबत नाही. तितक्याच हाताने गाठीवरून काखेकडे आणि गळ्याच्या हाडाकडे. बोंडाकडे नाही. साचलेलं पाणी तिकडून परत जातं.

पंप फक्त बाळ जवळ नसेल तेव्हा. आणि त्याचं फनेल मापाचं आहे का बघा. माझ्या पंपाबरोबर २४ मिलिमीटरचं आलं होतं, मला लागतं १९ चं. मोठ्या फनेलात बोंडाबरोबर काळा भागही ओढला जाऊन सुजतो. हे डब्यावर लिहिलेलं नसतं.

बोंडावर पांढरा ठिपका दिसला तर सुईने टोचू नका. मला टोचायची फार इच्छा झाली होती. त्याने जखम होते आणि ठिपका परत येतो. डॉक्टर त्यावर लावायला मलम देतात.

चोवीस तासांत उतार पडला नाही किंवा ताप चढत राहिला, तर जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. चौथ्या वेळी मला दहा दिवसांचं अँटिबायोटिक लागलं. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून ते सोडायचं नाही. त्या दिवसांत लेक उजवीकडे तोंड वाकडं करायची. मी थेंब चाखून पाहिला, मीठ घातलेल्या पेजेच्या निवळीसारखा. सुजेत दूध खारट होतं. त्यात काळजीचं काही नाही, दोन-तीन दिवसांत चव परत येते. तोवर डावीकडून सुरुवात करून अर्धवट झोपेत उजवीकडे घेतलं की पिते.

ऑफिसातलं

इथे थोडक्यात. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत नोकरदार आईला नेहमीच्या सुट्टीखेरीज दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी सवड द्यायची, ही तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून चालत आलीय. आमच्या साहेबांना ती माहीत नव्हती. मी कलमाची प्रत नेऊन दिली, त्यांनी चष्मा वर करून वाचली आणि जुन्या फायलींच्या खोलीची किल्ली दिली. आतून कडी लागते, प्लग चालू आहे, १९९८ च्या बिलांचा वास येतो. साडेदहा, जेवणाच्या सुट्टीत, आणि चार. लेक घरी त्या वेळात जेवढं पिते तेवढंच काढते, वर एक थेंब नाही. मीटिंग लांबली आणि चारची वेळ टळली तर जादा जोर लावून निपटायचं नाही. घरी गेल्यावर लेक आहेच.

मावशी अजून येतात. परवा तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या बाळंतिणीला त्यांनी सांगितलेलं मी जिन्यात ऐकलं, “दाबू नको, बरफ लाव. वरच्या पोरीला ताप भरला व्हता माझ्या हातानं.”

गौरी जेवणाच्या दिवशी सहावी आली होती. सकाळपासून ओट्याशी उभी, पुरणपोळ्या, सवाष्णी, लेक आजीकडे. दोन वेळा टळल्या. संध्याकाळी हात लावला तर सुपारी. वहीतली नोंद अशी: “गौरी जेवण. २ वेळा चुकल्या. मटारची पिशवी, एक गोळी, रात्री नेहमीसारखं पाजलं. दुसऱ्या दिवशी दुपारी नाही.” त्यापुढची पानं कोरी आहेत, आणि मधल्या एका पानावर लेकीने पेन ओढलंय.